पासपोर्ट आधी वाचतात, इंग्रजी नंतर

एम.ए., बी.एड. झालेली मुलंमुली हल्ली मला विचारतात, "मॅडम, परदेशात इंग्रजी शिकवायला जायचं म्हणतोय. आमचं इंग्रजी चालेल का?" चालतं. मी स्वतः मराठी माध्यमातली, इंग्रजीशी पाचवीत ओळख झालेल्या पिढीतली. तरी थायलंडच्या ईशान्य भागात, खोन केन प्रांतातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेत मी काही वर्षं इंग्रजी शिकवलं आणि मुलं शिकली. माझ्या इंग्रजीमुळे माझं तिथे कधी अडलं नाही. जे अडलं ते कागदांमुळे.

आधी एक गोष्ट गिळून टाका, म्हणजे पुढचा मनस्ताप वाचेल. तिकडच्या जाहिरातींत 'नेटिव्ह स्पीकर हवेत' असं सर्रास लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड अशा मोजक्या देशांचा पासपोर्ट. तुम्ही इंग्रजीत डॉक्टरेट केली असली तरी त्या रांगेत तुम्हाला उभं करत नाहीत. दक्षिण कोरियात तर इंग्रजी शिकवण्याचा व्हिसाच मुळात सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी 2010 पासून दोन देशांतल्या व्यापार करारामुळे एक खिडकी उघडली आहे, पण तिथे शिक्षकाची रीतसर पात्रता लागते. चीनमध्ये जुलै 2021 मध्ये सरकारने खाजगी शिकवण्यांवर टाच आणली आणि एक मोठा बाजारच आटला. आखातातल्या भारतीय शाळांत आपल्याला चांगली मागणी आहे, पण बी.एड. नसेल तर तिथे विचारूच नका. उरतात थायलंड, व्हिएतनामसारखे देश. तिथे आपल्याला जागा आहे, पण ती फिलिपिनो शिक्षकांच्या शेजारची. माझ्या शाळेत मला आणि माझ्या फिलिपिनो सहकाऱ्यांना वीस-बावीस हजार बाट मिळायचे, तर शेजारच्या वर्गातल्या इंग्रज तरुणाला छत्तीस हजार. त्याची पदवी हॉटेल व्यवस्थापनाची होती आणि शिकवण्याचा त्याचा हा पहिलाच अनुभव. मुलगा सज्जन होता, व्याकरणाचं काही अडलं की माझ्याकडे यायचा. याचा राग येतो आणि यावाही. पण तो राग मुलाखतीत दाखवून पगार वाढत नाही.

आता कागदांकडे येऊ. थायलंडमध्ये नोकरी करायला नॉन-इमिग्रंट 'बी' व्हिसा लागतो आणि त्यावर वर्क परमिट. शाळेत शिकवायचं तर त्यांच्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा दोन वर्षांची तात्पुरती परवानगी हवी. तिसरं काही चालत नाही. नोव्हेंबर 2023 पासून भारतीयांना पर्यटनासाठी व्हिसाशिवाय थायलंडमध्ये शिरता येऊ लागलं आणि एजंटांचं फावलं. "या तर खरं, व्हिसा इथे बदलून घेऊ," हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. ते ज्याच्या तोंडून येईल त्याच्याशी तिथेच बोलणं थांबवा.

हे वाक्य मीही ऐकलं होतं, आमच्याकडच्या एका एजंटाच्या तोंडून. माझ्या वेळी पर्यटक व्हिसा काढावा लागायचा, एवढाच फरक. बँकॉकमधली शाळा ठरली होती, उतरल्यावर कळलं की शाळा रात्रभराच्या बसच्या अंतरावर आहे. मला बँकॉकच हवं असं नव्हतं, म्हणून गेले. वर्गात उभी राहिले, मुलं गोड होती, महिना सरला आणि एके सकाळी ऑफिसातल्या बाईंचा फोन आला, "टीचर, आज शाळेत येऊ नका, खोलीतून बाहेरही पडू नका." इमिग्रेशनचे लोक तपासणीला येणार होते. शाळेच्या वेळापत्रकावर माझं नाव होतं, सरकारच्या लेखी मी पर्यटक होते. परमिटशिवाय काम करताना सापडलेल्या परदेशी माणसाला 5 हजार ते 50 हजार बाट दंड होतो आणि देशाबाहेर काढतात. एजंटाला दंड झाला तरी तो घरीच झोपतो. पुढे शाळेने कागद दिले, मी लाओसची राजधानी व्हिएन्टिएन इथल्या थाई वकिलातीत रांग लावली आणि खरा व्हिसा घेऊन परत आले. लाओसच्या बसचं भाडं, हॉटेल, व्हिसाची फी, सगळं माझ्या पदरचं. त्या एजंटाची एजन्सी शाळेकडून माझ्या नावावर तीस हजार बाटांहून जास्त घेत होती, हे मला पुढे शाळेच्या हिशेबनीसबाईंनीच सांगितलं. त्यांना वाटत होतं की ते मला माहीत असेल.

माझं निभावलं. ज्यांचं निभावलं नाही त्यांची गोष्ट वर्तमानपत्रांत आली आहे. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून अनेक भारतीय तरुणांना माए सोतच्या सीमेवरून म्यानमारमधल्या म्यावाडी भागात नेलं आणि तिथे ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं. मार्च 2025 मध्ये पाचशेहून जास्त भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं. तेव्हा शाळेचं नाव, पत्ता आणि मुख्याध्यापकांचा फोन हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. शाळेला थेट फोन लावा. शाळा खरी असेल तर फोन कोणीतरी उचलतं, थाईत काहीतरी बोलतं आणि मग इंग्रजी विभागातल्या बाईंना बोलावतं. एजंट भारतातला असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी पाहा. नोंदणीकृत एजंटाला 30 हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. लाख-दीड लाख मागणाऱ्याला हा आकडा नुसता ऐकवून बघा.

पदवीच्या साक्षांकनाला मात्र वेळ लागतोच. मी गेले तेव्हाचा क्रम असा होता: विद्यापीठाकडून पडताळणी, मंत्रालयातून राज्याचा शिक्का, दिल्लीला परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि शेवटी थाई वकिलात. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून काढायचा, तो त्या मानाने सोपा. खरी गोची होते नावाची. आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पदवीवर कधी तसंच, कधी उलटं. पासपोर्टवर दोन वेगळे रकाने. लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका, पदवी माहेरच्या नावावर आणि पासपोर्ट सासरच्या. आपल्याकडे हे कोणालाही एका नजरेत कळतं, पण खोन केनच्या कचेरीतल्या अधिकाऱ्याला त्या कागदांवर तीन वेगळ्या बायका दिसतात. माझी एक फाइल याच कारणावरून परत आली होती. विवाह नोंदणीचा दाखला, नावबदलाचं राजपत्र, 'ही तीच व्यक्ती' असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र, हे सगळं इथेच करून न्या. परदेशातून भाऊ-वहिनींना तहसील कचेरीत पिटाळण्याची वेळ आणू नका. आणखी एक, टोईक नावाची परीक्षा देऊन टाका. आपल्यासारख्यांकडून साधारण 600 गुण मागतात. इंग्रजीचा पदवीधर ते सहज मिळवतो, पण 'मी इंग्रजीत एम.ए. आहे' हे सांगून ती टळत नाही. आणि बी.एड. असेल तर मिरवा. शिक्षक परिषदेच्या परवान्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी वजनदार ठरते, आणि तो कागद त्या इंग्रज तरुणाकडे नव्हता.

करार वाचताना मी आता पगाराचा आकडा सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते, वर्क परमिटवर मालक म्हणून नाव शाळेचं आहे की एजन्सीचं. मग करार दहा महिन्यांचा की बाराचा. एजन्सीचे करार बहुधा दहाचे असतात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुट्टीत पगार नाही आणि खोलीचं भाडं मात्र चालू. सामाजिक सुरक्षेची 5 टक्के कपात खरोखर सरकारकडे जाते का, हे रुग्णालयाचं कार्ड हातात आल्यावरच समजायचं. आणि भांडून राजीनामा देणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवावं: तिकडे राहण्याची मुदत नोकरीला बांधलेली असते. नोकरीचा शेवटचा दिवस तोच मुक्कामाचाही शेवटचा दिवस. त्यानंतर विनापरवाना राहिलात तर रोज 500 बाट दंड. रागाच्या भरात शाळा सोडलेल्या एका ओळखीच्या मुलाला बॅगा भरायलाही वेळ मिळाला नाही. नवी शाळा ठरवायची, तिचे कागद हातात घ्यायचे आणि मग हसतमुखाने राजीनामा द्यायचा.

एवढं झालं की वर्ग. तो सुखाचा भाग आहे. चाळीस-पंचेचाळीस मुलं एका सुरात उभी राहतात, "गुड मॉर्निंग टीचाऽ", तुम्ही "हाऊ आर यू" म्हणालात की "आयॅम फाइन, थँक्यू, अँड यू" आणि खाली बसतात. हे पाठांतर म्हणजे इंग्रजी नव्हे, हे पहिल्याच दिवशी समजून घ्या. थाई भाषेत क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, अनेकवचनाला प्रत्यय नाही, आणि शब्दाच्या शेवटची बरीच व्यंजनं उच्चारताना गिळली जातात. त्यामुळे 'लाइक', 'लाइफ' आणि 'लाइट' मुलांच्या तोंडून जवळपास सारखेच येतात. इथे आपण उपयोगी पडतो, कारण शेवटचं व्यंजन आपण ठसठशीत उच्चारतो आणि इंग्रजीचे काळ आपणही तक्ते मांडूनच शिकलेलो आहोत. ज्याला भाषा आपोआप आली त्याला 'डिड'नंतर 'वेंट' का नाही हे मुलांना सांगता येईलच असं नाही. आपली खोड म्हणजे 'व्ही' आणि 'डब्ल्यू'ची सरमिसळ. तीच त्यांचीही खोड, तेव्हा निघण्याआधी स्वतःची दुरुस्त करा, नाहीतर दोघं मिळून चुकत राहाल.

बाकी शाळेचे रिवाज. सकाळी आठला झेंड्यापुढे उभं राहायचं, कितीही ऊन असो. कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, अगदी कौतुकानेही नाही. आपला पाठीवर थाप आणि डोक्यावर टपली हा खाक्या तिथे चालत नाही. चारचौघांत आवाज चढवला की तुमची बाजू खरी असूनही तुम्ही हरलात. आणि मुलांना नापास करायचं नाही, कमी गुण पडले तर पुन्हा काम देऊन पास करायचं. नव्या गोऱ्या शिक्षकांची यावर मुख्याध्यापकांशी जुंपते. पूर्वीच्या आठवीपर्यंतच्या ढकलपासची सवय असलेल्या आपल्या शिक्षकाला यात नवल वाटू नये. जूनमध्ये गुरुपूजनाचा दिवस असतो, मुलं फुलांची तबकं घेऊन गुडघ्यांवर पुढे सरकत येतात. त्या तबकात दूर्वा असतात. आपल्याकडे गणपतीला वाहतात त्याच.

खाण्याचं शाकाहारी मंडळींनी मनाशी ठरवून जावं. भाजीतही माशाचा सॉस असतो. 'जे' असं थाई अक्षरात लिहिलेल्या पिवळ्या पाटीची दुकानं शोधा, नाहीतर कुकर आणि गोडा मसाला सोबत न्या. लहान गावात खोली तीन-चार हजार बाटमध्ये मिळते आणि काटकसर केली तर थोडे पैसे उरतात. घर बांधण्याइतके उरत नाहीत, कोणी काही सांगितलं तरी. म्हणून कर्ज काढून जाऊ नका. दोन-तीन वर्षांचा अनुभव, परवाना आणि परदेशातल्या शाळेचं पत्र, या जोरावर पुढची नोकरी चांगल्या खाजगी शाळेत किंवा आखातात मिळू शकते, आणि पैसे असलेच तर तिथे आहेत.

थायलंडमधल्या शाळा मेच्या मध्यावर उघडतात आणि शिक्षकांची भरती मार्च-एप्रिलमध्ये होते. यंदा जायचं मनात असेल तर मंत्रालयाची फेरी जानेवारीच्या आत उरका, आणि पदवी पाठवण्यापूर्वी तिच्यावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा.