पीठ आणि ओवी

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात भीमेच्या उत्तरेस शिरूर व दक्षिणेस दौंड हे तालुके आहेत. पावसाने हात आखडता घेतलेला हा मुलूख; ज्वारी-बाजरीच्या भाकरीवर येथील पिढ्या वाढल्या. गावोगावी पिठाची गिरणी नव्हती, त्या काळी या भाकरीचे पीठ घरीच जात्यावर दळावे लागे. दिवस उगवण्यापूर्वी सासू-सुना उठत, जात्याशी समोरासमोर बसत. एकाच खुंट्याला दोघींचे हात लागत. मूठमूठ दाणा जात्याच्या मुखात पडू लागला, की त्याच्या घरघरीत ओवीचा सूर मिसळे.

ती ओवी बहुधा दोनच ओळींची असे. तीत माहेरचा भाऊ येई, सासुरवास येई, तान्हे बाळ येई, पंढरीची वाट येई. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातील यवत, वरवंड येथे मुक्काम करीत पंढरीस जाते. परंतु जिला घरसंसार सोडून वारीस जाणे साधत नसे, ती जात्याशी बसूनच विठ्ठलाशी बोले. दिवसभर जिला मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, तिची ती हक्काची घटका होती.

पुढे गिरण्या आल्या. स्त्रियांच्या खांद्यांवरचे व मनगटांवरचे मोठे कष्ट टळले, हे फार चांगले झाले. गिरणीच्या पिठाची भाकरी कोणी मागे सारली नाही. कारण पीठ कोणी दळले, याची चौकशी भुकेल्यास करावीशी वाटत नाही. मात्र जाते थांबले, तशी जात्यावरची ओवीही थांबली.

ती समूळ नाहीशी होऊ नये, म्हणून हेमा राईरकर व फ्रान्समध्ये जन्मलेले गी पॉइत्वाँ या पुण्यातील अभ्यासकांनी 1980 नंतरच्या दशकात ओव्या गोळा करण्यास आरंभ केला. त्यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतील एक लाखांहून अधिक ओव्या जमा झाल्या. शिरूर तालुक्यातील सविंदणे गावच्या स्त्रियांच्या ओव्याही त्यांत आहेत. या संग्रहात ओवीसोबत ती गाणारणीचे नाव व गाव नोंदविलेले आहे.

आता आणखी एक यंत्र आले आहे. 2022 च्या नोव्हेंबरात ‘चॅटजीपीटी’ सर्वांना वापरण्यास खुले झाले, आणि सांगितलेल्या विषयावर कविता, कथा, पत्र लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता घराघरात पोहोचली. माणसांनी लिहिलेला अफाट मजकूर या यंत्राला पुरविलेला असतो. आधीच्या शब्दांमागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा हिशेब ते त्यावरून शिकते व शब्दाला शब्द जोडत जाते.

समजा, भीमाकाठच्या एखाद्या शाळेतील मुलीस हस्तलिखितासाठी ओवी हवी आहे. ती या यंत्राला सांगते, “भावाची वाट पाहणाऱ्या बहिणीची ओवी दे.” क्षणात दहा ओव्या पुढ्यात येतात. यमक जुळलेले, शब्दही गोड. त्यांतील एक ती आजीला वाचून दाखविते. आजीला ओवी आवडते. ती विचारते, “कुणाची गं ही? कुठल्या गावची? मग आला का तिचा भाऊ?”

मुलगी गप्प होते. त्या ओवीत भाऊ आहे, बहीण आहे, वाट आहे. पण वाट पाहणारे कोणीच नाही.

यावर कोणी म्हणेल, “जुन्या ओव्यांना तरी कर्ता कुठे आहे? सुनेने सासूची ओवी उचलली, सासूने तिच्या आईची. यंत्रही तेच करते.” ही शंका विचार करण्याजोगी आहे. ओवी उसनी घेतली जाई, हे खरे. परंतु घेणारी ती आपल्या भावाचे नाव घालून, आपल्या गावाचे नाव घालून गाई. ओवी पहिल्याने कोणी रचली हे ठाऊक नसले, तरी आज ती कोण कोणासाठी गाते, हे शेजघरालाही कळत असे. संतांनी अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’, ‘जनी म्हणे’ अशी नाममुद्रा घातली. हे बोल माझे, त्यांचा भार माझ्यावर, असे ती मुद्रा सांगते. ओवीत अशी मुद्रा नसली, तरी गाणारीचा कंठ हीच तिची मुद्रा होती. यंत्राच्या ओवीचा असा भार कोण घेणार?

म्हणून यंत्र टाकून द्यावे, असे नाही. लाखभर ओव्यांतून हवी ती शोधणे, ध्वनिमुद्रण ऐकून ते उतरविणे, अशा कामी त्याचे साहाय्य होऊ शकते. त्याने रचलेल्या ओळी वाचून कोणाची करमणूक झाली, तर त्यातही दोष नाही. ‘ही यंत्राने रचली’ एवढे मात्र सांगितले पाहिजे. ती ओवी एखाद्या कष्टकरी स्त्रीची म्हणून पुढे करणे, हा तिच्या दुःखाशी केलेला खोटेपणा होय. पीठ पोटात जाते. ते गिरणीचे की जात्याचे, याने भूक भागण्यात उणे येत नाही. ओवी मात्र एका माणसाने दुसऱ्यास सांगितलेली गोष्ट असते. सांगणाराच नसेल, तर ऐकणाऱ्याने जीव कोणाला लावावा?

त्या मुलीने आता काय करावे? तिने यंत्र मिटावे, आजीशेजारी बसावे आणि विचारावे, “आजी, तुझी एखादी ओवी आहे का?” आजी आठवून आठवून सांगेल. एखादा शब्द निसटेल, एखादे यमक अडेल. मुलीने ते तसेच लिहून घ्यावे. आणि खाली आजीचे नाव व गाव लिहावे.

स्वाध्याय
1. गिरणीचे पीठ व यंत्राची ओवी यांत लेखकाने कोणता भेद केला आहे?
2. आजीच्या प्रश्नाने मुलगी गप्प का झाली?
3. घरातील वडीलधाऱ्या स्त्रीकडून एक ओवी ऐका व तिच्या नावासह वहीत लिहा.