झाडायची की थांबायचं? पोलिसांचा ‘गेम’मधला धडा
शिक्षक-पालक मित्रहो, ‘गेम म्हणजे वेळेचा नाश’ असं आपण मुलांना सतत सांगतो ना? मग हे वाचाच.

४ फेब्रुवारी १९९९. न्यूयॉर्कमध्ये अमादू डियालो या निःशस्त्र तरुणावर चार पोलिसांनी ४१ गोळ्या झाडल्या. त्याने काढलं होतं पाकीट. पोलिसांना वाटलं पिस्तूल.

अशा चुका टाळाव्यात म्हणून अमेरिकेत पोलिसांना सिम्युलेटरवर सराव देतात. भोवती मोठे पडदे, हातात लेझरचं पिस्तूल. पडद्यावरचा माणूस खिशात हात घालतो. मोबाईल निघेल की शस्त्र? पोलीस कसा बोलतो ते पाहून प्रशिक्षक प्रसंग बदलतो. नीट समजावलं तर समोरचा शरणही येतो. इथे नेमापेक्षा निर्णय मोठा. शेवटी प्रश्न येतो, “तुम्ही काय पाहिलंत? असं का केलंत?”

२००२ मध्ये जोशुआ कोरेल आणि सहकाऱ्यांनी साध्या गेमवर प्रयोग केला. खेळणाऱ्यांनी सशस्त्र कृष्णवर्णीयावर गोऱ्यापेक्षा लवकर गोळी झाडली. म्हणजे गेम पूर्वग्रह दाखवतो. तो घालवायचा आपणच.

आपणही वहीत फुली मारण्याआधी एकदा विचारूया, “बाळा, असं का लिहिलंस?”