ज्वारीची भाकर आणि मधुमेह

प्रश्न : घरात मधुमेह आहे. भात सोडून ज्वारीची भाकर खाल्ली तर साखर आटोक्यात राहील का? (एक वाचक, बोथ)

उत्तर : ज्वारी हे आदिलाबाद भागाचे जुने मुख्य अन्न. आता शिवारात कापूस वाढला आहे आणि तेलंगणात रेशनवर माणशी 6 किलो तांदूळ मिळतो, त्यामुळे ताटात भात आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या कोष्टकानुसार 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात, पांढऱ्या तांदळात 3 ग्रॅमही नाहीत. तंतूंमुळे स्टार्च सावकाश पचतो आणि जेवणानंतरची साखर हळू चढते. पण भाकरीतही स्टार्च भरपूर असतो. भाताऐवजी चार भाकरी खाल्ल्या तर लाभ उरत नाही. प्रमाण कमी करून सोबत डाळ आणि पालेभाजी वाढवणे अधिक उपयोगी.

केवळ ज्वारीवर राहणेही योग्य नाही. दख्खनमधील ज्वारी खाणाऱ्या गरिबांत पेलाग्रा (नायसिन जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार) आढळे. त्याचा संबंध ज्वारीतील ल्युसिन या अमिनो आम्लाच्या जास्त प्रमाणाशी असावा, असे पोषणशास्त्रज्ञ गोपालन आणि श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडले.

मधुमेहाची मुळे ताटापेक्षा खोल असू शकतात. पुण्याजवळच्या सहा गावांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून केलेल्या अभ्यासात नवजात बाळे सरासरी 2.7 किलोची, बारीक, तरीही तुलनेने जास्त चरबीची आढळली. अशी ठेवण पुढे मधुमेहाचा धोका वाढवू शकते. म्हणून सडपातळ माणसानेही मधुमेहाची तपासणी टाळू नये, आणि गरोदर स्त्रीच्या आहाराकडे घराने विशेष लक्ष द्यावे. चालू औषधे आहार बदलला म्हणून परस्पर बंद करू नयेत. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.