बस ठरवली, माणशी किती?

मंडळी, आज वही आणि पेन्सिल जवळ घेऊन बसा. या पाठात वाचायचे थोडे आहे, हिशेब जास्त आहे. पण घाबरू नका. गुणाकार आणि भागाकार येत असला की पुरे.

गेल्या कार्तिकात आमच्या गावच्या भजनी मंडळाने यात्रेला जायचे ठरवले. आधी पंढरपूर, मग सोलापूरवरून अक्कलकोट, तिथे मुक्काम, दुसऱ्या दिवशी तुळजापूर आणि घर. देवळात बैठक भरली. अण्णा तालुक्याला जाऊन एका बसमालकाला भेटून आले होते. ते उभे राहिले आणि म्हणाले, "किलोमीटरला साठ रुपये दर आहे. जाऊन येऊन 340 किलोमीटर होतात. म्हणजे 20,400 रुपये. बस अठ्ठेचाळीस माणसांची. माणशी सव्वाचारशे पडतात. काढा पैसे!"

बायकांनी कनवटीला हात घातला. कोणी म्हणाले, स्वस्तात पडलं. मी म्हणालो, "अण्णा, जरा दम धरा."

"झालं! गुरुजींनी मोडता घातला," मागून कोणीतरी बोलले.

अण्णांचा गुणाकार बरोबर होता, भागाकारही बरोबर होता. चूक होती ती हिशेबात धरलेल्या आकड्यांत. 340 हा आकडा कच्चा होता आणि 48 हा त्याहून कच्चा.

पहिले, बस काही आपल्या गावात राहत नाही. ती मालकाच्या अड्ड्यावरून निघते. अड्डा आमच्या गावापासून 20 किलोमीटर. ती रिकामी येते आणि आपल्याला सोडून रिकामी परत जाते. डिझेल तर जळतेच. म्हणून भाडे अड्ड्यापासून अड्ड्यापर्यंत मोजतात. आता बेरीज करू. अड्डा ते गाव 20. गाव ते पंढरपूर 65. पंढरपूर ते सोलापूर सुमारे 75. सोलापूर ते अक्कलकोट सुमारे 40, तिथून पुन्हा सोलापूर 40. सोलापूर ते तुळजापूर सुमारे 45. तुळजापूर ते गाव 75. गाव ते अड्डा 20. एकूण 380 झाले.

दुसरे यापेक्षा मोठे आहे. बस दोन दिवस आपल्यापाशी अडकते. आपण देवळात रांगेत उभे असतो तेव्हा ती उभी असते. त्या वेळात मालकाला दुसरे भाडे मिळत नाही. म्हणून बहुतेक मालक रोजचे किमान किलोमीटर धरतात, कोठे 250, कोठे 300. बस तेवढी पळो वा न पळो, पैसे तेवढ्याचे द्यावे लागतात. या मालकाचे किमान होते 300. दोन दिवसांचे 600. आपण पळणार 380 आणि पैसे देणार 600 चे! अण्णांनी दर विचारला होता, किमान विचारले नव्हते. मालकानेही आपणहून सांगितले नव्हते. विचारले नाही तर कोण सांगतो?

दिवस कसा मोजतात तेही विचारायचे असते. काही ठिकाणी बस निघाल्यापासून चोवीस तासांचा दिवस धरतात. काही ठिकाणी रात्री बाराला तारीख बदलली की दिवस बदलला. असा मालक असेल आणि आपण रात्री दहाला निघालो, तर त्या दोन तासांचाही एक दिवस लागतो. एकादशीची गर्दी टाळायला रात्री निघू म्हणणारे पुष्कळ असतात. त्यांनी हे आधी पाहावे.

मग बारीकसारीक. ड्रायव्हर आणि क्लीनरचा भत्ता, टोल, देवस्थानापाशी गाडी उभी करण्याचे पैसे, आणि सरकारचा कर. "भाड्यात काय धरलंय आणि काय वेगळं द्यायचं?" एवढा एक प्रश्न विचारला की हे सगळे बाहेर येते. आमचे असे झाले :

600 किलोमीटर गुणिले 60 रुपये — 36,000
त्यावर कर, शेकडा 5 — 1,800
दोघांचा भत्ता — 1,500
टोल आणि पार्किंग, अंदाजे — 1,500
एकूण — 40,800

कुठे 20,400 आणि कुठे 40,800! बरोबर दुप्पट. देवळात सगळे गप्प झाले.

आता माणसे. बस 48 माणसांची आहे, पण येतात किती? 40,800 भागिले 48 म्हणजे माणशी 850. चाळीसच आले तर 1,020. चौतीस आले तर 1,200. बस तीच, रस्ता तोच. जे घरी राहतात त्यांच्या जागेचे भाडे येणाऱ्यांच्या अंगावर पडते. बैठकीत हात वर करणे सोपे असते. निघायच्या दिवशी कोणाच्या म्हशीला वेत येते, कोणाकडे पाहुणे येतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. 1996 साली मी एका शाळेत शिक्षक होतो. डिसेंबरात मुलांची सहल काढली, महाबळेश्वर आणि प्रतापगड. खाजगी बस 7,500 रुपयांना ठरवली. पन्नास मुलांनी नावे दिली. मी भागाकार केला आणि दीडशे रुपये सांगितले. मग ऊसतोड सुरू झाली. दहा मुलांचे आईबाप त्यांना घेऊन कारखान्यावर गेले. मी पुन्हा भागाकार केला. 7,500 भागिले 40. साडेसत्त्याऐंशी आणि शंभर. वर्गात उभे राहून सांगितले, उद्या प्रत्येकाने आणखी साडेसदतीस रुपये आणायचे.

दुसऱ्या दिवशी सातवीतली एक मुलगी माझ्यापाशी आली. म्हणाली, "गुरुजी, मला बरं नाही. मी येत नाही." तिने दीडशे रुपये महिनाभर थोडे थोडे करून भरले होते. मी तिचे पैसे परत दिले. पहाटे बस निघाली तेव्हा ती शाळेच्या फाटकापाशी उभी होती, अंगात स्वेटर, केस विंचरलेले. तिला काही झालेले नव्हते. तिच्या घरी साडेसदतीस रुपये नव्हते.

बसमध्ये मागे अकरा जागा रिकाम्या होत्या. घाट चढताना माझ्या ध्यानात आले. त्या मुलीला मी फुकट बसवली असती, तरी बसचे भाडे एक पैशाने वाढले नसते. भाडे बसचे होते, मुलांचे नव्हते. मी मुलांना गणित शिकवत होतो, आणि हे गणित मला स्वतःला आले नाही. तिचे दीडशे परत दिल्यामुळे उलट तूटच पडली. ती मी पगारातून भरली, त्याचे काही नाही. बाकीचे अजून मनात आहे.

असो. देवळातल्या बैठकीकडे वळू.

एक मावशी म्हणाल्या, "गुरुजी, एसटीनं का जाऊ नये? बायकांना अर्धं तिकीट आहे की." हा प्रश्न चांगला होता. एस. टी. महाराष्ट्रात 1948 पासून आहे. पहिली बस त्या वर्षी 1 जूनला पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला गेली. एस. टी.चीही पुरी बस भाड्याने मिळते. तिला 'प्रासंगिक करार' म्हणतात. लग्नाला, यात्रेला, सहलीला आगारात अर्ज करून, अनामत भरून ती घेता येते. शाळेच्या सहलीला तर निम्म्या दरात देतात. पण एक ध्यानात ठेवा. करार केला की आपण बस भाड्याने घेतो, तिकीट काढत नाही. म्हणून बायकांचे अर्धे तिकीट, जे 2023 पासून मिळते, आणि पंचाहत्तरीपुढच्यांचा फुकट प्रवास, जो 2022 पासून मिळतो, ते त्यात चालत नाही. ते नेहमीच्या बसमध्ये तिकीट काढणाऱ्याला.

मग नेहमीच्या बसने किती पडेल? समजा सगळ्या टप्प्यांची पुरी तिकिटे मिळून माणशी 600 होतात. आमच्या चाळिसांत बायका 24, पुरुष 10 आणि पंचाहत्तरीच्या पुढचे 6. बायकांचे 24 गुणिले 300, म्हणजे 7,200. पुरुषांचे 10 गुणिले 600, म्हणजे 6,000. म्हाताऱ्यांचे शून्य. एकूण 13,200. खाजगी बसच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी!

तरुण मंडळी असती तर मी म्हटले असते, एस. टी.ने जा, पैसे वाचवा. पण सहा म्हातारी माणसे, प्रत्येक ठिकाणी बस बदलायची, जागा धरायची, रात्री स्टँडवर सामान सांभाळायचे. पाटलांच्या आजींना पायरी चढायला दोन माणसे लागतात. भाड्याची बस दारातून नेते आणि देवळापाशी थांबून राहते. जादा पैसे त्याचे असतात. ते द्यायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. नुसते पंढरपूर असते तर आणखी एक वाट होती. 2024 च्या आषाढीला एस. टी.ने जाहीर केले होते की, एका गावातून चाळीस माणसांनी एकत्र मागणी केली तर बस थेट गावातून सोडू. अशा वेळी आगारात चौकशी करावी.

आमच्या मंडळाने खाजगी बसच धरली. मात्र दुसऱ्या दिवशी अण्णांबरोबर मी आणि त्या मावशी असे तिघे मालकाकडे गेलो. मी म्हणालो, "तुमचे 600 धरले तरी गाडी 380 च पळणार. 220 किलोमीटरचं डिझेल तुमचं वाचतंय. ठोक भाडं सांगा, सगळं धरून." अण्णांचे मत होते की पैसे द्यायचेच तर गाणगापूरही उरकावे. पण गाणगापूर कर्नाटकात. बस राज्याबाहेर नेली की परमिट आणि कर यांचा खर्च निराळा होतो. ते राहिले. बरीच घासाघीस झाली. शेवटी कर, भत्ता, टोल धरून 34,000 वर ठरले.

इसार देण्याआधी आम्ही सगळे कागदावर लिहून घेतले : कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणकोणती गावे, ठोक भाडे किती, इसार किती, वाटेत गाडी बंद पडली तर दुसरी कोण देणार. गाडीचा विमा आणि परमिट पाहिले. नंबराची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी आहेत हे पाहिले. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देता येत नाही. प्रवाशांच्या नावांची यादी करून गाडीत ठेवली. कागद मावशींनी वाचला. त्या दोन वर्षांपूर्वी रात्रीच्या वर्गाला येऊ लागल्या. 'ठोक' या शब्दापाशी थांबल्या, मग पुढे गेल्या. मालक घड्याळ बघत होता. मी म्हणालो, वाचू द्या.

वर्गणी आम्ही अठ्ठेचाळिसांवर काढली नाही. चाळिसांवर काढली, माणशी 850. पैसे आधी घेतले, नाव नंतर लिहिले. चाळीस जणांचे पैसे जमले तेव्हा बसचे भाडे पुरे झाले होते आणि आठ जागा शिल्लक होत्या. तेव्हा मी मंडळापुढे ती 1996 ची गोष्ट सांगितली. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी अण्णा स्वतः पाच घरी जाऊन आले. एका आजींनी फुकट यायला साफ नकार दिला. त्यांनी दोनशे रुपये दिले, तेव्हाच बसमध्ये पाय ठेवला. पाच जणांनी मिळून 700 दिले. त्याचा तुळजापुरात सगळ्यांना चहा-नाश्ता झाला.

निघताना मावशी ड्रायव्हरजवळ गेल्या. काट्यावरचा आकडा त्यांनी स्वतः वाचला आणि वहीत लिहिला : 84,215. परत गावात आलो तेव्हाचा आकडा त्यांनी लिहिला : 84,570. सोलापुरात एकदा रस्ता चुकला होता. गावापासून गावापर्यंत बस किती किलोमीटर पळाली, आणि अण्णांच्या 340 पेक्षा किती जास्त, ते तुम्ही काढा. रिकाम्या येण्याजाण्याचे 40 मिळवा, आणि ठोक 34,000 म्हणजे किलोमीटरला किती रुपये पडले तेही पाहा. भागाकार नीट सुटणार नाही. पैसे सोडून द्या, रुपयापर्यंत करा.