मोडलेले सत्र आणि पुरे झालेले अध्ययन



वऱ्हाडचा कापूस आणि इंग्लंड देश ह्यांचे नाते फार जुने आहे. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची आगगाडी, जिला लोक मायेने शकुंतला म्हणत, ती मुख्यत्वे ह्या भागातील कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तेथून लँकेशायरच्या गिरण्यांकडे पोहोचावा म्हणूनच घालण्यात आली होती. आपल्या शिवारातील बोंडे अशा रीतीने समुद्र ओलांडून गेली. शिवारातील मुले मात्र पुष्कळ काळ मागेच राहिली. आज ज्या विद्यार्थ्याची हकीकत मी आपणांस सांगणार आहे तो वऱ्हाडचा नव्हता. परंतु त्याच्या अध्ययनाचा विषय आपल्या कापसाच्या भावाशी निगडित होता, आणि त्याच्यावर आलेला प्रसंग आपल्या शाळेतील पुष्कळ मुलांवर दरवर्षी येतो.

तो प्रसंग कोणता, ते प्रथम सांगतो. दिवाळीनंतर कापसाची वेचणी सुरू झाली की वर्गातील काही बाके रिकामी दिसू लागतात. पुढे त्यांतील काही मुले परत येतात, काही येत नाहीत. जे येत नाहीत त्यांच्या घरी मी गेलो म्हणजे एकच उत्तर मिळते, "गुरुजी, आता शिक्षण सुटले ते सुटलेच." ह्या "सुटलेच" मधील च काढून टाकावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

प्रथम सत्र म्हणजे काय ते समजून घेऊ. इंग्लंडमधील विद्यापीठांत वर्षाचे तीन भाग पाडण्याची जुनी रीत आहे. ऑक्टोबरात सुरू होणारे ते मायकेलमस सत्र, नाताळानंतरचे ते लेंट सत्र आणि तिसरे उन्हाळ्याचे. बॅरिस्टर होऊ इच्छिणाऱ्यांची रीत आणखी निराळी. त्यांना लंडनमधील चार जुन्या विधिसंस्थांपैकी एकीत नाव घालावे लागे. तेथे वर्षास चार सत्रे असत, आणि अशी बारा सत्रे भरावी लागत. गंमत अशी की, सत्र भरले हे ठरे ते संस्थेच्या भोजनगृहात नेमलेल्या संख्येइतक्या पंगती जेवल्याने! परीक्षा तर द्यावयाचीच. परंतु वकिली हा सहवासाने शिकण्याचा धंदा आहे, ही त्यामागील समजूत होती.

आता आपला विद्यार्थी पाहू. भीमराव रामजी आंबेडकर ह्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मल्यामुळे शाळेत पाण्याच्या भांड्यालाही हात लावण्याची त्यांना मुभा नव्हती. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेतील न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ साली तेथे एम. ए. झाले. १९१६ च्या उन्हाळ्यात ते लंडनला आले.

त्या वेळी पहिले महायुद्ध ऐन भरात होते. जर्मन विमानांच्या भयाने लंडनचे रस्ते रात्री अंधारात ठेवीत. अशा नगरात ह्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने ऑक्टोबर १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स ह्या संस्थेत नाव नोंदविले, आणि ११ नोव्हेंबर रोजी ग्रेज इन ह्या विधिसंस्थेतही प्रवेश घेतला. अर्थशास्त्राच्या संस्थेत त्यांनी मॅकिंडर ह्यांच्याजवळ भूगोल, लोएस डिकिन्सन ह्यांच्याजवळ राजकीय विचार आणि हॉबहाउस ह्यांच्याजवळ समाजशास्त्र असे विषय घेतले. फी होती दहा पौंड दहा शिलिंग. त्या काळी पौंडाचे पंधरा रुपये धरीत. म्हणजे एकशे सत्तावन रुपये आठ आणे.

परंतु हे अध्ययन एक वर्षही धड चालले नाही. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात त्यांना परत फिरावे लागले. प्रबंध अपुरा, बॅरिस्टरीची सत्रे अपुरी, हाती पदवी नाही. आपली पुस्तके त्यांनी दुसऱ्या जहाजाने पाठविली होती. ते जहाज शत्रूच्या पाणबुडीने बुडविले आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेला तो संग्रह समुद्राच्या तळाशी गेला.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. निघण्यापूर्वी ह्या विद्यार्थ्याने एक काम केले. आपण आत्ता जात आहोत, परंतु अध्ययन सोडीत नाही, असे विद्यापीठास कळवून परवानगी मिळविली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास अध्ययन पुढे चालू ठेवता येईल, अशी ती परवानगी होती. शाळा सोडून जाणारा मुलगा बहुधा कोणास न सांगता जातो, लाजेने जातो. आणि ती लाजच पुढे दाराची कडी होऊन बसते. आंबेडकरांनी दार लोटले, पण कडी घातली नाही.

पुढील तीन वर्षे सोपी नव्हती. करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. परंतु परदेशी विद्यापीठातून आलेल्या ह्या पंडितास त्या शहरात राहावयास घर मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते उतरले होते. त्यांची जात कळताच लोक काठ्या घेऊन धावून आले आणि त्यांना तेथून निघावे लागले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेविली आहे. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. पगार होता महिना साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम मोठी होती. सुखाने संसार करावयाचा म्हटले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु त्यांनी पगारातून शिल्लक टाकण्यास आरंभ केला, आणि पत्नी रमाबाईंनी काटकसरीने घर चालविले. १९२० साली त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरचे शाहू महाराज ह्यांचे साहाय्य आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, एवढ्या भांडवलावर ते जुलैमध्ये पुन्हा लंडनला निघाले. चार वर्षांची मुदत संपण्यास तेव्हा सव्वा वर्ष उरले होते.

काठ्या घेऊन आलेले लोक पारशी होते आणि कर्ज देणारा मित्रही पारशीच होता. कोणत्याही समाजास एका मापाने मोजू नये, हा धडा ह्या हकीकतीत आपोआप आला आहे.

लंडनमधील त्यांचा दिनक्रम चरित्रकारांनी नमूद केला आहे. सकाळी पावाचा तुकडा व चहा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि दार बंद होईपर्यंत वाचीत. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. भूक फार लागली तर ओळखीच्या कोणी दिलेले पापड भाजून खात. जून १९२१ मध्ये ते एम. एस्सी. झाले. २८ जून १९२२ रोजी ते बॅरिस्टर झाले.

उरला होता तो डी. एस्सी. पदवीचा मोठा प्रबंध, रुपयाचा प्रश्न ह्या विषयावरील. हा विषय आपल्याशी कसा निगडित आहे ते उदाहरणाने पाहू. समजा, आपला कापूस इंग्लंडात दहा पौंडांस विकला गेला. रुपयाचा भाव एक शिलिंग चार पेन्स असेल, तर एका पौंडाचे पंधरा रुपये होतात. म्हणजे हाती दीडशे रुपये येतील. तोच भाव एक शिलिंग सहा पेन्स झाला, तर त्याच दहा पौंडांचे एकशे तेहतीस रुपये पाच आणे चार पै होतील. कापूस तोच, वजन तेच, आणि हिशेबात मात्र सुमारे सतरा रुपयांचा फरक! उलट, बाहेरून येणारा माल दुसऱ्या भावाने स्वस्त पडेल. म्हणजे रुपयाची किंमत कोणी व कशी ठरवावी, हा प्रश्न केवळ सावकारपेढीचा नसून शेतकऱ्याच्या चुलीचा आहे. सरकारला मन मानेल तसे रुपये काढता येऊ नयेत व रुपयाची क्रयशक्ती स्थिर राहावी, ह्यासाठी आंबेडकरांनी सुवर्णचलनाचा पक्ष मांडला आणि सरकारच्या चलनपद्धतीवर कडक टीका केली.

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी हा प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा सादर करण्यास सांगितले. पैसे संपत आले होते. तेव्हा १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, येथे बसून त्यांनी मजकुराची मांडणी सुधारली, पण निष्कर्ष बदलला नाही, आणि ऑगस्टमध्ये प्रबंध परत धाडला. नोव्हेंबर १९२३ मध्ये तो मान्य झाला. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने निघाला. त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन ह्यांनी प्रस्तावना लिहिली. तीत त्यांनी आपला काही मतभेद स्पष्ट सांगितला आणि ग्रंथाची वाखाणणीही केली. शिष्याचे मत न पटताही त्याचा गौरव करणारा गुरू, आणि गुरूपुढे आपले मत न सोडणारा शिष्य, अशी जोडी कोणत्याही शाळेस भूषणभूत होय. पुढे १९२५ साली हिंदी चलनाविषयी नेमलेल्या शाही आयोगापुढे आंबेडकरांची साक्ष झाली. त्याच आयोगाच्या शिफारशीवरून १९३५ साली रिझर्व्ह बँक स्थापन झाली.

लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवरील दहा क्रमांकाच्या ज्या घरात ते राहिले, ते घर २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन त्यांचे स्मारक केले. आज शासनाची परदेश शिष्यवृत्ती ज्या राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने दिली जाते, ते हेच, ज्यांनी त्या विद्यार्थ्याच्या अपुऱ्या शिदोरीत भर घातली होती.

पालकहो, आपणांस एकच विनंती. वेचणीस मुलाची गरज लागते, हे मला ठाऊक आहे. त्यास घरी ठेवावेच लागले, तर शाळेत येऊन तसे सांगा. परत कधी येईल तो दिवस ठरवून जा, आणि त्याची पुस्तके रद्दीत घालू नका. विद्यार्थ्यांनो, तुमचे एखादे सत्र बुडाले, एखादी परीक्षा हुकली, तर ती गोष्ट दुःखाची खरी. पण शेवटची नव्हे. ज्याने तीन वर्षे मध्ये गेल्यावर पुन्हा तोच प्रबंध हाती घेतला, तो पुढे देशाच्या राज्यघटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचा अध्यक्ष झाला.

ह्या पाठावर घरी बसून पुढील प्रश्नांची उत्तरे लिहावी.

१. आंबेडकर १९१७ साली लंडनहून निघताना त्यांनी कोणती परवानगी मिळविली? ती न मिळविली असती तर काय झाले असते?

२. पौंडाचे पंधरा रुपये ह्या हिशेबाने साडेचारशे रुपयांचे किती पौंड होतात? तेवढ्यात दहा पौंड दहा शिलिंग ही फी किती वेळा भरता येईल व बाकी काय उरेल?

३. परीक्षकांनी परत केलेला प्रबंध सुधारणे आणि आपले मत सोडणे, ह्या दोहोंत काय भेद आहे?

४. तुमच्या ओळखीच्या ज्या मुलाची अथवा मुलीची शाळा मध्येच सुटली आहे, त्याला परत आणण्यास तुम्ही काय कराल? ह्या प्रश्नाचे उत्तर वहीत न लिहिता त्याच्या घरी जाऊन द्यावे.