दार बदलण्याचे काम : माप, माल आणि मजुरी

नव्या इमारतीचे सुतारकाम बहुधा बिल्डरचा ठेकेदार घेऊन जातो. आपल्या मोहल्ल्यातील सुताराच्या वाट्याला येते ते राहत्या घरातले काम. न्हाणीघराचे दार खालून कुजले, खोलीचे दार घासू लागले, मुलाचे लग्न ठरले म्हणून आतली दारे बदलायची. काम एक-दोन दिवसांचे, म्हणून पुष्कळ कारागीर ते सोपे समजतात. आमच्या मते नव्या चौकटीत दार बसवण्यापेक्षा ते अवघड आहे. चौकट जुनी, कधी एका बाजूला झुकलेली, आणि दार मात्र नवे, सरळ कडांचे. या कामात मजुरी बुडते ती बहुतेक वेळा माप घेताना आणि सौदा ठरवताना.

जुने दार मोजून नव्याची ऑर्डर देऊ नये. ते कधीतरी तासलेले असते. माप चौकटीच्या खाचेतच घ्यावे. रुंदी वर, मध्ये आणि खाली, उंची दोन्ही बाजूंना. ओळंबा लावून चौकट सरळ आहे का आणि गुण्या लावून कोपरे काटकोनात आहेत का तेही पाहावे. समजा, रुंदी वर ३५ इंच २ सूत, मध्ये ३५ इंच आणि खाली ३४ इंच ७ सूत भरली. सर्वांत लहान माप धरायचे. दोन्ही बाजूंना एकेक सूत फट सोडली की तयार दार ३४ इंच ५ सूत हवे.

आता दुकानात ३६ इंची तयार दार पडलेले आहे, तेच कापून बसवू, असा मोह होतो. हिशेब करून पाहू. १ इंच ३ सूत कापावे लागेल. फ्लश दाराच्या कडेला आत लाकडाची उभी पट्टी असते, ती साधारण पावणेदोन इंच, म्हणजे १४ सूत. दोन्ही बाजूंनी निम्मे-निम्मे कापले तर पट्टी एक इंचाच्या आसपास उरते. सगळे एकाच बाजूने कापले तर तीन सूतच. बिजागरीचा दीड इंची स्क्रू मग लाकडाच्या पार जाऊन आतल्या भरावाच्या जोडात घुसतो. दार त्या दिवशी छान बसते, पण काही महिन्यांत लटकते. त्यापेक्षा ३५ इंची दार मागवावे आणि कडेला थोडाच रंधा मारावा.

माल घेताना आयएसआयची खूण आणि भरीव फ्लश दारासाठी असलेला आयएस २२०२ हा क्रमांक पाहावा. न्हाणीघराला फ्लश दार शक्यतो देऊच नये, पीव्हीसी किंवा फायबरचे द्यावे. ग्राहक लाकडाचाच हट्ट धरत असेल तर खालच्या बाजूला आतून ॲल्युमिनियमची पट्टी लावावी.

आता पावसाळ्याची गोष्ट. मुंबई-कोकणात मे महिन्यात बसवलेले दार जुलैत अडकते आणि ग्राहकाचा निरोप येतो. लाकूड हवेतला ओलावा पिऊन आडवे फुगते, लांबीत फारसे वाढत नाही. म्हणून फुगलेले दार कुलपाच्या बाजूला उभ्या कडेवर अडकते. फक्त कुलपाच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात घासत असेल तर आधी वरची बिजागरी तपासा. ती सैल झालेली असण्याचाच संभव जास्त. अशा वेळी कड तासणे म्हणजे रोग एक आणि औषध दुसरे. खरोखर फुगलेले दारही भर पावसात जास्त तासू नये. ऑक्टोबरनंतर लाकूड वाळले की तिथे बोट जाईल एवढी फट दिसते, आणि तीही कारागिराच्याच नावावर लागते.

यावर इलाज दार टांगण्याआधी करायचा असतो. दाराचे दोन्ही चेहरे रंगतात, उभ्या कडाही रंगतात. वरची आणि खालची कड मात्र कोरडी राहते, कारण ती कोणाला दिसत नाही. ओलावा तिथूनच आत शिरतो, आणि फरशी धुतली की खालची कड रोज पाणी पिते. एकदा दार टांगले की तिथे ब्रश पोहोचत नाही. कापून, तासून झाल्यावर सहाही बाजूंना प्रायमर आणि ऑइल पेंटचे दोन हात द्यावेत, मगच बिजागऱ्या लावाव्यात. बाजारातल्या धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा ओळखणाऱ्या प्रेषितांची (स.) हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात अनेकदा ऐकतो. दाराची खालची कड हा आपल्या धंद्यातला ढिगाखालचा भाग आहे.

सात फुटी दाराला चार इंची तीन बिजागऱ्या हव्यातच. दोनवर भागवू नये. आधी प्रत्येक बिजागरीत एकेकच स्क्रू, दार दोन-चार वेळा उघडून-मिटून पाहावे, मग बाकीचे. स्क्रू हातोडीने ठोकण्याची सवय शागीर्दाला पहिल्याच दिवशी मोडावी. चौकटीतली जुनी भोके मोठी झाली असतील तर लाकडाची खुंटी फेविकॉल लावून ठोकावी, ती वाळल्यावर नवे भोक पाडावे. खाली पाव इंच फट पुरते. गालिचा अंथरायचा असेल तर ग्राहकाला आधीच विचारावे.

राहिला सौदा. माल आपला आणि बनवून द्यायचे काम आपले, अशा व्यवहाराला फिक्हमध्ये इस्तिस्ना म्हणतात. वस्तूचा प्रकार, माप आणि गुण आधी ठरलेले असावेत ही त्याची अट आहे. आपल्याकडे मात्र "चांगले दार बसवून द्या" एवढ्यावर बयाणा घेतला जातो, आणि मग चांगले म्हणजे काय यावर उंबरठ्यात भांडण होते. साध्या कागदावर लिहावे : दार कोणते, जाडी ३० की ३५ मिलिमीटर, बिजागऱ्या लोखंडी की स्टीलच्या, रंग कोणाकडे, कुलूप कोण आणणार. चौकटीला स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. खालून कुजलेली किंवा वाळवी लागलेली निघाली तर तिचा खर्च वेगळा पडेल हे बयाण्याआधी सांगावे. जुने दार काढल्यावर सांगितले तर ग्राहकाला ते फसवणुकीसारखे वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. पावसाळ्यानंतर एकदा येऊन दार मोफत तपासून देऊ, असे लिहून दिले तर एक फेरी खर्च होते, पण त्याच घरातली पुढची कामे बहुधा त्याच हाताकडे येतात.

आणि काढलेले दार कोणाचे, तेही त्याच कागदावर असावे. ते ग्राहकाचेच असते. जुन्या वाड्यातील सागाची फळी आज नव्या फ्लश दारापेक्षा महाग असू शकते. ती कारागीर नेणार असेल तर तिचा भाव ग्राहकासमोर ठरवून मजुरीतून वजा करावा.