कारागृहाचा खर्च आणि बंदिवासातील लेखन

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात तुरुंगाचा उल्लेख वारंवार येतो. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कारावासात पेन्सिलीने लिहिले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली व ती साने गुरुजींनी उतरून घेतली. ‘श्यामची आई’ १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहून झाली. या ग्रंथांचा विचार करताना अभ्यासकांचा भर लेखकाच्या मनोधैर्यावर असतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि कागद, पुरेसा उजेड, बसण्यापुरती जागा, संदर्भग्रंथ आणि हस्तलिखित बाहेर नेण्याची मुभा यांवाचून हे लेखन वाचकांपर्यंत पोहोचले नसते. यांपैकी शेवटची बाब कायद्याची आहे. बाकीच्या खर्चाच्या आहेत.

कायद्याचा प्रश्न एका मराठी पुस्तकामुळेच निकालात निघाला. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक पुस्तक शासनाच्या अनुमतीने लिहिले; परंतु ते प्रकाशनासाठी बाहेर पाठविण्यास शासनाने नकार दिला. स्थानबद्धास नियमांनी दिलेल्या सवलतींपलीकडे काही मागता येत नाही, अशी शासनाची भूमिका होती. उच्च न्यायालयाने ती अमान्य केली व १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम ठेवला. ज्यास नियमांनी मनाई नाही ते स्वातंत्र्य स्थानबद्धाकडे शिल्लक राहते, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. पुढे तमिळनाडूत चेंगलपट्टूच्या दुय्यम कारागृहात लिहिलेल्या ऑटो शंकरच्या आत्मचरित्राबाबत, प्रकाशनापूर्वीच ते रोखण्याचा अधिकार शासनास नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले.

खर्चाचा प्रश्न मात्र इतक्या सहजी सुटलेला नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार कारागृहे हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे त्यांचा भार मुख्यतः राज्यांच्या तिजोरीवर पडतो. १९८० मध्ये नेमलेल्या अखिल भारतीय कारागृह सुधारणा समितीने १९८३ च्या अहवालात हा विषय समवर्ती सूचीत घेण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. या समितीचे अध्यक्ष न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला हे साहित्य अकादमी पुरस्कार लाभलेले उर्दू कवी होते, ही गोष्ट भारतीय साहित्याच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. केंद्राने २००२-०३ मध्ये अठराशे कोटी रुपयांची आधुनिकीकरण योजना हाती घेतली. तिचा तीन चतुर्थांश भार केंद्राने व उरलेला राज्यांनी उचलावयाचा होता. नवी कारागृहे, दुरुस्ती, कर्मचाऱ्यांची निवासस्थाने आणि स्वच्छता व पाणीपुरवठा यांवर तिचा भर होता. या गरजा प्राथमिकच होत्या. परंतु वाचन-लेखनाचा क्रम त्यांच्याही नंतरचा राहिला. योजनेची मुदत २००९ मध्ये संपली.

२०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१.४ टक्के बंदी होते व त्यांतील सुमारे तीन चतुर्थांश न्यायचौकशीच्या प्रतीक्षेत होते. जेथे अंग टाकण्यास जागा अपुरी, तेथे वही उघडण्यास कोठून मिळणार? निधीच्या अभावी मूलभूत हक्क नाकारता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने हुसैनारा खातून प्रकरणात १९७९ मध्येच स्पष्ट केले होते. टिळक किंवा साने गुरुजी यांच्यामागे समाज उभा होता. आजच्या अनाम बंद्याच्या पाठीशी अर्थसंकल्पातील तरतुदीखेरीज बहुधा काहीच नसते. म्हणून तुरुंगातील वाङ्मयाचा इतिहास लिहिताना लिहिल्या गेलेल्या ग्रंथांबरोबरच, जागेअभावी व कागदाअभावी लिहिल्या न गेलेल्या ग्रंथांचाही विचार करणे आवश्यक ठरते.